यंदा वाकळ भिजवू नको

कुरुंदवाड,
६ सप्टेंबर

मलिके,

सलाम घे, रामराम घे, आणि चष्मा लावूनच वाच. न्हायतर मागनं म्हणशील, बायडीचं अक्षर म्हंजे कोंबडीचं पाय.

घट बसायला पंधरा-सोळा दिस ऱ्हायल्यात. परवापासनं पितरांचं म्हाळ चालू हुत्यात. गल्लीतल्या बायकांनी माझं डोस्कं खाऊन ठेवलंय. "बायडाअक्का, कबनूरचं पत्र आलं का?" डेअरीत दूध घालाय गेलं तरी त्येच, देवळात गेलं तरी त्येच. घट बसायच्या आत घरातलं समदं अंथरूण-पांघरूण घाटावर धुऊन, वाळवून आत गेलं पायजे. आणि वाकळ म्हटल्यावर तिला दोन दिसाचं सलग ऊन लागतं. ते दोन दिस कुठलं, हे आमच्या गल्लीला दर वर्साला तूच सांगतीस. टीव्हीवर बाई नकाशाफुडं हात फिरवती, सुनंच्या मोबाईलात ढगाचं चित्र दिसतं, पर आमच्या बायकांचा इस्वास तुझ्यावर. तुमचं सूत रंगवायचं काम. उघड्यावर लडी वाळत घालणाऱ्या माणसाला फुडच्या आठवड्याचं आभाळ कळल्याबिगर कसं चालंल? तवा बिगीबिगी लिव.

फोन करावा म्हटलं तर तुझं कान यंत्रमागांच्या खडखडाटानं कवाच गेलं. मी हितनं बोंबलायचं नि तू तितनं "काय? काय?" करायचं, त्यात गल्ली गोळा व्हती. पत्रच बरं.

आपली वाकळ काढून ठेवलीया. रातच्याला तिच्यावर हात फिरवत बसलेवते. लगीन करून ह्या गावात आले त्याच वर्सी माझी आई गेली. तिच्या चार लुगड्यांचं गाठोडं मी सोडीनाबी न्हाय नि वापरीनाबी न्हाय. नुसतं उशाला घेऊन निजायची. शेजारच्या तुझ्या अम्मानं ते माझ्या हातातनं ओढून घेतलं. म्हणाली, "पोरी, आईची लुगडी गाठोड्यात कशाला कोंडतीस? अंगावर घे." दीड म्हैना सोप्यात बसून शिवली. तू दोरा ओवून द्यायचीस नि मी रडत बसायची. कसं गेलं गं ते दिस?

सत्तेचाळीस वर्सं झाली. त्या वाकळंचं एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. तुझं लगीन हून तू कबनूरला गेलीस, तरी धुण्याच्या दिवशी म्हायेरी आलीसच. लॉकडाऊनचं वरीस तेवढं चुकलं.

आमच्या धाकट्या सुनंनं, संयोगितानं, कपडं धुवायचं मोठं मशीन घेतलंय. म्हणती, "आत्ती, टाका की त्यात." म्या म्हटलं, त्यात तुझ्या नवऱ्याच्या प्यांटी टाक. वाकळंला हात लावायचा न्हाय.

कवा येतीस ते लिव. झुणका, भाकरी नि कृष्णाकाठची वांगी, समदं घाटावर घेऊन जाऊ.

तुझी बायडा


कबनूर,
९ सप्टेंबर

बायडे,

पत्र मिळालं. चष्मा लावून वाचलं, तरी कोंबडीचे पायच दिसले.

तुमची गल्ली मला एक दिवस हवामान खात्यात चिकटवणार. पगार न्हाय, पेन्शन न्हाय, नुसती वांगी. खैर. पत्र पोचायला दोन दिवस जातात ते धरूनच अंदाज लिहिते. देवळाफुडं हुबी राहून मोठ्यानं वाच.

गुरुवारपासून फुडच्या बुधवारपर्यंत पाऊस. गुरुवारी दुपारनंतर गडगडाट. शुक्रवारी दिवसभर रिपरिप. शनिवारी-रविवारी ऊन दिसंल, पण ते फसवं, त्याच्या नादाला लागू नका. सोमवारपासून परत जोर. नदीचं पाणी चढंल. वाकळ भिजवू नको. गल्लीत कुणीच भिजवू नका.

शाहबाजनं मोबाईल दाखवला. माझा हा नातू आता रंगाचं सगळं काम बघतो. पण मी काय मोबाईलवर जाते व्हय? पहाटे उठून लडीला हात लावला. सूत जड लागतंय, बोटाला चिकटतंय. हवेत पाणी हाय.

तुझं पत्र वाचून अम्मा आठवली. आणि घाट आठवला. ओली वाकळ दगडावर पसरायची आणि आपण दोघींनी तिच्यावरच पालथं पडायचं. पाठीला ऊन, पोटाला गारवा. तू तुझ्या सासूला शिव्या द्यायचीस. मी तर तवा सासर बघितलंबी नव्हतं, तरी तुझ्यापेक्षा जास्त द्यायची. मग तुझी सासू वरच्या पायरीवर हुबी दिसायची आणि आपण दोघी एकदम देवाचं गाणं म्हणायला लागायचो. तिला कळत नसंल असं आपल्याला वाटायचं, ते वय किती चांगलं होतं बघ.

येण्याचं बघू. हितं कामाची गडबड हाय.

मलिका


कुरुंदवाड,
१४ सप्टेंबर

मलिके,

अगं बया, काय लिवलंस नि काय झालं!

बेस्तरवारपासनं आज ऐतवारपातूर हितं थेंब न्हाय. गडगडाट न्हाय, रिपरिप न्हाय, फसवंबी न्हाय. नुसतं ऊन. घाटाच्या पायरीवर पाय ठेववंना. आणि म्या तुझं पत्र देवळाफुडं हुबी ऱ्हाऊन वाचलेलं! अकरा घरांनी खाली काढलेल्या वाकळा परत माळ्यावर टाकल्या. आता अकरा घरातल्या बायका डोळ्यावर हात धरून आभाळ बघत्यात आणि मग माझ्याकडं बघत्यात.

चिमणाबाईनं तेवढं ऐकलं न्हाय. तिनं शुक्रवारी धुतलं, शनिवारी सांजच्याला घडी घालून आत. आता दिवसातनं चारदा माझ्या दारावरनं जाती, छत्री उघडून. रखरखीत उन्हात छत्री! इचारलं तर म्हणती, "अक्का, कबनूरचं पत्र आलंय न्हवं? भिजाय नगं म्हणून घेतली." असा राग आला! म्या म्हटलं, कबनूरला पडत असंल, ढगाला हिकडं यायला येळ लागतो, त्यो काय तुझ्यागत रिकामा न्हाय. भांडले तुझ्यासाठी. दोन घरांत बोलणं बंद केलंय.

माणूस हाय, चुकतं. त्याचं काय न्हाय. पर आता आठच दिस ऱ्हायल्यात. नीट हात लावून बघ सुताला. आणि फुडचं पत्र जरा जपून लिव, माझी गल्लीत अब्रू हाय.

तू कवा येतीस त्याचं उत्तर दिलंच न्हाईस. "बघू" म्हंजे काय? बघू म्हणून सोयरिक जमवत्यात, धुणं न्हाय. संयोगिता रोज इचारती, मशीन लावू का. म्या म्हटलं, मलिका आल्याबिगर वाकळंला पाणी लागणार न्हाय.

बायडा


कबनूर,
१६ सप्टेंबर

बायडे,

गुरुवार ते रविवार, चारी दिवस जोराचा पाऊस. ह्या खेपेला नक्की. चिमणाबाईला म्हणावं, छत्री जपून ठेव.

यंदा वाकळ भिजवूच नको. एक वर्ष तशीच राहिली तर काय बिघडत न्हाय. हवं तर गच्चीवर झटकून घे आणि देवाला सांग, पाऊस होता. मशीनमधी टाकू नको, फाटंल. आणि दुसऱ्या कुणाला घेऊन घाटावर जाऊ नको. त्या वाकळेला पीळ द्यायची एक रीत हाय, ती दुसऱ्या कुणाला जमायची न्हाय. अम्माचे टाके तुटतील.

मला यायला जमंल असं वाटत न्हाय. पाव्हणं येणार हायत.

मलिका


कुरुंदवाड,
१८ सप्टेंबर

मलिके,

पोष्टात टाकत न्हाय. जोतीराम दुधाची गाडी घेऊन रोज सकाळी तुमच्याशेजारी इचलकरंजीला जातो, त्येच्या हातात देतीय. उत्तरबी त्येच्याच हातात दे. त्येला म्हटलंय, चहा पी, पेपर वाच, पर पत्र घेतल्याबिगर हलू नगंस.

आज बेस्तरवार. तुझ्या जोराच्या पावसाचा पयला दिस. अंगणात पापड भाजंल असं ऊन पडलंय.

म्या संयोगिताला म्हटलं, लाव शाहबाजला फोन. पोरगं बिचारं साधं. म्हणालं, "आजी, हितं लख्ख ऊन हाय. आठवडाभर पाऊस न्हाय म्हणून आम्ही दुप्पट सूत रंगवाय काढलंय. दादीला रोज सकाळी मोबाईल दाखवतो की." पाव्हणं कोण येणार हायत म्हटलं, तर म्हणालं, "कसलं पाव्हणं?"

मग तू कुणाचं आभाळ बघून लिवलंस?

मलिके, तुझा अंदाज आजवर कैकदा चुकला. एकदा तर भर उन्हाचा म्हणून लिवलंस नि आपण दोघी वाकळ डोक्यावर घेऊन पळत आलो, माझ्या सासूनं चप्पल काढली हुती. तवा हसलो. पर सत्तेचाळीस वर्सांत तू मला खोटं कवा लिवलं न्हाईस.

तवापासनं इचार करतीय, माझं काय चुकलं. गेल्या वर्सी घाटावर संयोगिता हसत म्हणालीवती, "दोन म्हाताऱ्या नि एक वाकळ, तिघीबी एका वयाच्या." ते लागलं का तुला? पोरीच्या मनात काय न्हवतं गं. का मीच काय बोलले? का तुला आता यायचं न्हाय, नदीवर बसून त्येच त्येच बोलायचा कटाळा आलाय? नसंल यायचं तर तसं लिव. मी रडीन नि गप बशीन. पर आभाळाच्या नावावर खपवू नगंस. मला वाईट वाटलंय. लई वाईट वाटलंय.

बायडा


कबनूर,
१९ सप्टेंबर

बायडे,

जोतीराम दारात बसलाय. दोन कप चहा झाला त्याचा. मी तीन कागद फाडले, हा चौथा.

खोटं लिहिलं. दोन्ही वेळा. मला सगळं म्हाईत होतं. हितं सूत इतकं कोरडं वाळतंय की हाताला करकर लागतंय.

तुझं काय चुकलं न्हाय. संयोगिताचंबी न्हाय. ती बोलली तवा मी तुझ्यापेक्षा जास्त हसलेवते, विसरलीस व्हय?

श्रावणात एक दिवस सकाळी चहाचा कप माझ्या डाव्या हातातून पडला. वाटलं, निसटला. दुसरा भरून दिला, तोबी पडला. मग डावा पायच उचलंना. शाहबाजनं तशीच उचलून दवाखान्यात नेलं. अकरा दिवस होते. आता चालते, जिना चढते, ह्या हातानं लिहिते ते तू बघतीसच. पण डाव्या हातात काय राहिलं न्हाय. मूठ आवळली की बोटं आपली आपण सुटतात. परवा साधी रुमालाची घडी पिळून बघितली. पाणी तसंच राहिलं.

तुला कळवू नको म्हणून शाहबाजला कसम घातली. का, ते लिहायलाच तीन कागद गेले.

तुला कळलं असतं तर तू म्हणाली असतीस, "बस तू, पिळंल दुसरं कुणीतरी." चांगल्या मनानंच म्हणाली असतीस. तेच मला नको होतं. त्या वाकळेत तुझ्या आईची लुगडी हायत. माझ्या अम्माचा हात हाय. माझं काय हाय त्यात? ते एक टोक. वर्षातला एक दिवस. माहेरात आता माझं कोण राहिलंय? अम्मा गेली, भाऊ घर विकून कोल्हापूरला मंगळवार पेठेत गेला. मी कुरुंदवाडला येते ती त्या टोकाला धरूनच येते. ते दुसऱ्याच्या हातात गेलं, तर मी तुझी कोण? पावसाचं कार्ड पाठवणारी कबनूरची एक बाई.

म्हणून म्हटलं, आभाळ पाऊस पाडत न्हाय तर मी पाडते. यंदाचं वर्ष ढकलू. तवर येईल हाताला जोर. डॉक्टर म्हणतो, येईल. त्याच्या तोंडाकडं बघून मला तसं वाटत न्हाय.

माझ्यामुळं तू गल्लीत भांडलीस, ते वाचून जेवण गेलं न्हाय.

आता खरा अंदाज लिहिते. उद्या शनिवार, परवा रविवार, दोन्ही दिवस कडक ऊन. सोमवारी दुपारनंतर ढग. अकरा घरांना सांग आणि माझ्या वतीनं माफी माग. तूबी धुऊन घे. संयोगिताला टोक दे. पोरगी चांगली हाय. तिला म्हणावं, झटका देऊ नको, पीळ हळूहळू चढव, मधल्या लाल लुगड्याचा तुकडा आता विरलाय.

मलिका


कबनूर, तुझ्याच दारात,
२० सप्टेंबर

मलिके,

हे पत्र मीच घेऊन आलेय नि माझ्याच हातानं तुला देतीय. कारण तुला ऐकू येणार न्हाय, आणि मला जे बोलायचंय ते तुझ्या शेजाऱ्यांत वरडून बोलाय मला लाज वाटती. तू हितं बसून वाच. तवर मी नि संयोगिता वाकळ भिजत घालतो. शाहबाजला सांगून तुमच्यातला धुवायचा हौद मोकळा करून घेतलाय. काल रात्री सोडा, साबण, धोपाटणं समदं बांधून ठेवलं नि सकाळच्या पयल्या यष्टीनं निघालो.

आता ऐक, म्हंजे वाच.

मूर्ख हाईस. अर्धांग तुझ्या हातावरनं गेलं का डोस्क्यावरनं? अकरा दिस दवाखान्यात पडलीस नि मी तिकडं तिखट कुटत बसलेवते! मला कळलं असतं तर मी तुझ्या उशाला येऊन बसले असते. त्यो हक्क तू माझ्याकडनं काढून घेतलास. त्याचा राग मला पावसापरास जास्त आलाय, आणि त्यो इतक्यात जायचा न्हाय.

तू माझी कोण, म्हणून इचारतीस. आई गेली तवा मला भाकरी कुणी चारली? माझी पयली पोरगी आठ दिसांत गेली, तवा सासूच्या तोंडाफुडं हुबी ऱ्हाऊन "तिला रडू द्या" म्हणून कुणी सांगितलं? तवा काय तुझ्या हातात वाकळंचं टोक हुतं?

घाटावर तुला यष्टीनं न्यायचं म्हटलं तर त्या ओल्या पायऱ्या तुला उतरवायच्या न्हाईत. म्हणून वाकळच हिकडं आणली. तुझं टोक संयोगिता धरंल, पर तू खुर्चीत बसायचं नि तिला सांगायचं. चुकली तर शिव्या द्यायच्या. तिला म्या सांगून आणलंय, शिव्या बसणार हायत.

गल्लीला काय सांगितलं, इचारशील. म्हटलं, माझ्याकडनं गेल्या वर्सीचंच पत्र परत वाचलं गेलं, म्हातारपण. चिमणाबाईनं "व्हय का" म्हटलं नि छत्री मिटली. खोटं लिवायचा मक्ता काय एकटा तुझाच हाय?

वाचून झालं असंल तर डोळं पूस नि भाईर ये. खुर्ची मांडलीया.

बायडा


कबनूर,
२५ सप्टेंबर

बायडे,

घट नीट बसले असतील. सोमवारी दुपारी हितं ढग आले आणि तिनाला पडलाच. अंगणातल्या लडी गोळा करताना सगळे पळत होते आणि मी एकटी खुर्चीत बसून हसत होते. माझा अंदाज बरोबर आला म्हणून न्हाय. रविवारी सांजेला वाकळ कडकडीत वाळून, घडी करून तुझ्याबरोबर गेली, म्हणून.

तुझ्या सुनेला पहिल्यांदा पीळच जमंना. दोनदा सुटला, अंगभर भिजली. मी ओरडले ते अख्ख्या कबनूरनं ऐकलं असंल, मला तेवढं ऐकू आलं न्हाय. तिसऱ्यांदा बरोबर चढला. लाल तुकड्याला तिनं धक्का लागू दिला न्हाय. जाताना माझ्याजवळ येऊन बसली आणि माझी डाव्या हाताची बोटं एक-एक करून दाबत राहिली. काय बोलली ते कळलं न्हाय. बरंच बोलत होती.

खरं लिहायचं ठरवलंय, तर खरं लिहिते. टोक तिच्या हातात गेलं तवा वाटलं, उठून हिसकावून घ्यावं. तोंड फिरवणार होते. मग फिरवलं न्हाय, कारण तू दिसलीस.

सत्तेचाळीस वर्षं मी वाकळेच्या दुसऱ्या टोकाला हुबी होते. तुझं तोंड बघत पिळलं, तुझे हात बघत पिळलं. परवा खुर्ची बाजूला होती. तू पहिल्यांदा मला बाजूनं दिसलीस. बायडे, तुझी कंबर किती वाकलीया गं! पीळ चढवताना तुझे गुडघे लटलट कापत होते. आणि वाकळ दांडीवर टाकून झाल्यावर तू हौदाच्या मागं गेलीस, भिंतीला टेकलीस आणि कमरेवर दोन्ही हात दाबून डोळे मिटून हुबी राहिलीस. तुला वाटलं, कुणी बघत न्हाय. मी मोजलं, एकशे वीस आकडे झाले तवा तू परत आलीस आणि हसत म्हणालीस, "काय न्हाय, पाणी प्यायला गेलते." तुझ्या ओठावरनं कळलं मला. पाण्याचा माठ दुसऱ्या बाजूला हाय.

मला मूर्ख म्हणतीस. तू कोण लई शहाणी?

आता माझं ऐक. दवाखान्यात जा. उद्याच जा, संयोगिताला घेऊन. डॉक्टर काय म्हणाला ते सगळं लिही. काय न्हाय म्हणाला, असलं लिहू नको. खोटं पत्र कसं लिहितात ते मला म्हाईत हाय.

शाहबाजची बहीण अर्शी परवा सगळं बघत हुबी होती. म्हणाली, "दादी, दुसरं टोक मला शिकव." तिला म्हटलंय, शिकवते.

फुडच्या वर्षी तू पिळायचं न्हाय. एका टोकाला संयोगिता राहू दे, एका टोकाला अर्शी. दोन खुर्च्या मांडायला सांग. तू माझ्याशेजारी बस.

मलिका